‘चार्ज’ एक, अर्थ अनेक. नेमका शब्द सातबाऱ्यावर

उंद्री (जि. बुलडाणा) : इंग्रजीतील एकच शब्द वीजबिलात, न्यायालयात, कचेरीत आणि कर्जाच्या कागदावर वेगवेगळी कामे करू लागला, की भाषांतरकाराची कसोटी लागते. ‘चार्ज’ हा असाच शब्द. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या, पीककर्जाच्या भरवशावर खरीप उभा करणाऱ्या गावांत त्याचा अर्थ चुकल्यास नुकसान केवळ भाषेचे होत नाही. जमिनीचा व्यवहारच अडकू शकतो.

वीजबिलावर हा शब्द ‘आकार’ होतो. जसे, स्थिर आकार, वहन आकार. फौजदारी न्यायालयात तो ‘दोषारोप’ ठरतो. बदली झालेला अधिकारी सोपवतो तो ‘कार्यभार’, विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातला ‘प्रभार’ आणि पोलिसांनी जमावावर केला, तर ‘लाठीमार’. भ्रमणध्वनीपुढे मात्र मराठीने हात टेकले असून, गावोगाव ‘चार्जिंग’च चालते. पोलिश भाषांतरकाराचीही हीच गत आहे. शुल्काला ‘ओप्वाता’, आरोपाला ‘झाझुत’, विजेच्या प्रभाराला ‘वादुनेक’ आणि घोडदळाच्या धडकेला ‘शार्झा’ असे निराळे शब्द त्याला योजावे लागतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा अर्थ याहून वेगळा आहे. सहकारी सोसायटीकडून कर्ज घेणारा सभासद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार आपल्या जमिनीवर ‘चार्ज’ निर्माण करणारे घोषणापत्र लिहून देतो. व्यवहारात त्याला ‘इकरार’ म्हणतात. त्याची नोंद तलाठ्याकडे (२०२४ मध्ये या पदाला ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नाव देण्याचा निर्णय झाला) फेरफाराने होते आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात ‘बोजा’ चढतो.

येथे ‘शुल्क’ असे भाषांतर झाले, तर वाचणाऱ्याची सरळ दिशाभूल होते. शुल्क एकदा भरले, की विषय संपतो. बोजाचे तसे नाही. कर्जाची पूर्ण फेड झाली, तरी सातबाऱ्यावरील नोंद आपोआप पुसली जात नाही. बेबाकी दाखला घेऊन अर्ज करावा लागतो, फेरफार लागतो, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा लागतो. तोवर नवे कर्ज किंवा जमिनीची विक्री अडून राहू शकते.

बोजा म्हणजे गहाणही नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये गहाणाची व्याख्या कलम ५८ मध्ये, तर ‘चार्ज’ची कलम १०० मध्ये स्वतंत्रपणे दिली आहे. गहाणात मालमत्तेतील हितसंबंध धनकोकडे जातो. बोजात तो जात नाही, मालमत्ता केवळ रकमेच्या फेडीसाठी तारण राहते. दोहोंना एकच शब्द वापरणारा अनुवाद म्हणूनच धोक्याचा.

गंमत अशी, की ‘चार्ज’चे मूळ लॅटिनमधील गाडीवाचक शब्दात असून, गाडीवर माल लादणे हा त्याचा जुना अर्थ. आकार, आरोप, कार्यभार हे सारे अर्थ पुढे फुटले. या हिशेबाने सातबाऱ्यावरचा ‘बोजा’ हा शब्द कोणत्याही कोशातील घडवलेल्या पर्यायापेक्षा मुळाच्या अधिक जवळ जातो. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि त्याच्या न्याय व्यवहार कोशासारख्या कोशांनी कायद्याच्या मराठीला शिस्त लावली, हे खरे. पण हा शब्द मात्र गावकऱ्यांच्या तोंडी आधीच रुळलेला होता.