उस्मानी चिलखत आणि वेताची ढाल : प्रतिकृतीची घडण

पंधराव्या-सोळाव्या शतकांतील उस्मानी घोडेस्वारांचे चिलखत नेहमीच केवळ कड्यांचे किंवा केवळ पत्र्याचे नसे. अनेकदा छाती, पोट आणि पाठ यांवर पोलादी पट्ट्यांच्या ओळी बसवून त्या कड्यांच्या जाळीने परस्परांत गुंफल्या जात, त्यामुळे संरक्षण मिळूनही स्वाराला कंबरेतून वाकता येई. प्रतिकृती घडवताना लोखंडी तार सळईभोवती गुंडाळून कड्या कापल्या जातात, प्रत्येक कडीची टोके एकमेकांवर आणून ठोकून चपटी केली जातात आणि त्यांत भोक पाडून बारीक रिव्हेट बसवले जाते. हौशी कारागीर पुष्कळदा रिव्हेट टाळून टोके नुसती जुळवतात, परंतु अशी जाळी ताणाखाली उघडते आणि तिला प्रतिकृती म्हणणे कठीणच.

खरे कौशल्य मात्र ‘काल्कान’ या गोल ढालीत दिसते. वेताची किंवा लवचिक फांदीची कांब रेशमी, सुती वा जरीच्या धाग्याने गुंडाळत मध्यापासून बाहेर चक्राकार वळवली जाते आणि लगतचे वेढे त्याच धाग्यांनी बांधले जातात. धाग्यांचे रंग योग्य ठिकाणी बदलल्याने फुले, वेली किंवा अक्षरे उमटतात, म्हणजे नक्षी नंतर रंगवलेली नसून बांधणीतच असते. मधोमध धातूचा घुमटाकार उंचवटा आणि मागे कापडी वा चामडी अस्तर येते. काही वेळा या उंचवट्यासाठी वापरले जाणारे सोनेरी तांबे, म्हणजे ‘तोंबाक’, पूर्वी पाऱ्याच्या साहाय्याने मुलामा देऊन केले जाई. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने आज विद्युत-मुलामाच श्रेयस्कर ठरतो. अभ्यासासाठी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील संग्रह विशेष उपयुक्त आहेत.