खेळयंत्राची मधली सुधारणा

संगणक घरोघरी निराळा, कन्सोल मात्र सर्वांकडे एकसारखा. म्हणूनच खेळाची आज्ञावली लिहिणारा त्याच्या ताकदीचा कण न् कण वापरू शकतो. मग मधेच सुधारित यंत्र काढावे का?

सोनीने २०१३ च्या प्लेस्टेशन ४ नंतर २०१६ मध्ये ‘प्रो’ आणले. चित्रे रेखाटणाऱ्या भागाची क्षमता १.८४ वरून ४.२ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ४.२ लाख कोटी आकडेमोडी, झाली; मुख्य प्रक्रियकाचा वेग १.६ वरून जेमतेम २.१ गिगाहर्ट्झ. खेळ जुन्या यंत्रावरही चालावा, ही अट होती. चित्रातले ठिपके वाढवता येतात; खेळाचे नियम यंत्रागणिक बदलता येत नाहीत! आम्हाला ही अट रास्त वाटते. निन्टेंडोच्या २०१४ मधील ‘न्यू थ्रीडीएस’साठीचे काही खेळ २०११ च्या थ्रीडीएसवर चालतच नसत.