चालता लॅपटॉप मध्येच का थिजतो?
लिनक्स वापरणाऱ्या दुकानदार व कारागीर बांधवांसाठी

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे सर्वसाधारण पाठबळ कंपनीने बंद केले. जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 चढत नाही आणि नवा घ्यायचा तर भांडवल अडकते. म्हणून आमच्या ओळखीच्या काही दुकानदारांनी, कामठीतल्या आणि नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्याही, जुन्याच लॅपटॉपवर लिनक्स बसवून घेतले. उबुंटू किंवा मिंट. फुकट मिळते, बिले बनतात, जीएसटीचे पोर्टल उघडते, उर्दू नस्तालिकही नीट दिसते. तक्रार मात्र एक ऐकू येते: काम चालू असताना लॅपटॉप एकदम थिजतो. माऊस हलत नाही, बटणे चालत नाहीत, बटण दाबून बंद करावा लागतो. कधी दिवसातून तीनदा, कधी आठवडाभर काहीच नाही.

दुरुस्तीवाल्याकडे नेले की ठरलेले उत्तर मिळते, "लिनक्समध्ये असेच होते, नवा घेऊन टाका." हे उत्तर आम्हाला पटत नाही. माग थांबला तर जाणता विणकर आधी ताण्यात धागा तुटला की धोटा अडकला ते बघतो, माग विकायला काढत नाही. महिन्याच्या 20 तारखेला 3बी भरताना लॅपटॉप थिजला आणि तारीख हुकली, तर रोजचे 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर 18 टक्के व्याज लागते. शून्य रिटर्न असले तरी रोजचे 20 रुपये आहेतच. तेव्हा दुखणे कोठे आहे हे स्वतः समजून घेण्यात फायदा आहे.

सर्वात आधी हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. वारंवार बटण दाबून बंद केलेल्या मशीनमधल्या फायली केव्हा खराब होतील याचा भरवसा नाही.

मग एक वही करावी. थिजल्याची तारीख, वेळ, त्या वेळी काय उघडे होते, चार्जर लावलेला होता की नाही, एवढे लिहावे. "केव्हाही थिजतो" असे वाटते ते आठ-दहा नोंदी झाल्या की केव्हाही राहत नाही. आमच्या पेढीवरच्या लॅपटॉपच्या नोंदी पाहिल्या तर बहुतेक मे महिन्यातल्या, दुपारी एक ते पाचमधल्या निघाल्या. दुखणे कोणते ते वहीनेच सांगितले.

थिजल्याबरोबर पॉवरचे बटण दाबू नये. आधी कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागतो-विझतो असेल तर आतली प्रणाली जिवंत आहे, फक्त पडदा अडकला आहे. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबले की बहुधा काळा पडदा येऊन नाव-पासवर्ड विचारला जातो. तेथून मशीन रीतसर बंद करता येते. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर प्रणालीचा गाभाच कोसळला असे समजावे. दिवा मुळीच बदलत नसेल तर सारे थांबले आहे. तरी एक उपाय उरतो. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरावे (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावे लागते) आणि दोन-दोन सेकंदांनी एस, यू, बी ही अक्षरे दाबावीत. एसने राहिलेले लिखाण डिस्कवर उतरते, यूने डिस्क सुरक्षित होते, बीने मशीन पुन्हा सुरू होते. यालाही दाद मिळाली नाही तरच बटण.

पुन्हा सुरू झाल्यावर लिनक्सचा रोजनामा वाचावा. लिनक्स आपल्या प्रत्येक हालचालीची वेळेसह नोंद ठेवते, आपल्या रोकडवहीसारखी. टर्मिनल उघडून इंग्रजी अक्षरांत जर्नलसीटीएल, जागा सोडून वजा चिन्ह व बी, पुन्हा जागा सोडून वजा एक, असे टाईप केले की मागच्या वेळचा रोजनामा दिसतो. शेवटी जावे आणि आपल्या वहीतली वेळ त्याच्याशी जुळवावी. तेथे 'आऊट ऑफ मेमरी' दिसले तर रॅम कमी पडली. 'आय/ओ एरर' असेल तर डिस्क किंवा तिची जोडणी. 'थ्रॉटल्ड' असेल तर उष्णता. 'जीपीयू हँग' किंवा 'नूव्हो' असेल तर चित्र दाखवणारा भाग. एनव्हिडिया चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून कंपनीचा ड्रायव्हर घातला की हे पुष्कळदा सुटते. आणि रोजनामा काहीही न सांगता मध्येच तुटलेला असेल, तर तीही खूणच आहे. लिहिणाऱ्याला लिहायला वेळच मिळाला नाही. मग संशय उष्णता, रॅमची पट्टी, वीज किंवा प्रोसेसरवर घ्यावा.

आपल्या भागात पहिला संशय उष्णतेचाच. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते, आणि 45 च्या आसपास पारा पुष्कळदा जातो. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. त्यात आपण कापडवाले. लॅपटॉप पेढीच्या गादीवर ठेवतो, हवा आत घेण्याच्या फटी बहुधा खालीच असतात, त्या गादीने बंद होतात. वर कापडाची लव उडते, ती पंख्यात शिरून जाळीवर नमद्यासारखी बसते. पंखा ओरडतो, पण हवा जात नाही. उपाय साधा आहे. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवावा, खालून दोन बोटे जागा सोडावी. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, उघडून साफ करून घ्यावा; ब्लोअर मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरायला सांगावे, नाही तर पंखा बेफाम फिरून बिघडतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर त्याच वेळी बदलावी. कुलरच्या झोतासमोर मात्र लॅपटॉप ठेवू नये, ती हवा थंड असली तरी दमट असते. तापमान पाहायचे तर 'सेन्सर्स' हा हुकूम आहे. 95 अंशांच्या आसपास आकडा रेंगाळत असेल तर वाट पाहू नये.

दुसरा संशय रॅमचा. चार जीबीच्या मशीनवर ब्राउझरमध्ये पोर्टल, बँक, व्हॉट्सॲप आणि पंधरा खिडक्या उघडल्या की जागा संपते. मग लिनक्स डिस्कवर सामान हलवू लागते, डिस्कचा दिवा अखंड लागून राहतो, मशीन रांगते आणि शेवटी थिजल्यासारखे होते. खिडक्या कमी ठेवाव्यात, 'अर्ली-ऊम' नावाचा छोटा प्रोग्राम घालावा, तो जागा संपण्याआधीच सर्वात जड प्रोग्राम बंद करतो. किंवा रॅमची आणखी एक पट्टी टाकावी. रॅम पुरेशी असून सदोष असेल, तर मेमटेस्ट86+ रात्रभर चालवावे. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर पट्टी काढून, तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून पुन्हा बसवावी आणि चाचणी परत घ्यावी. लाल ओळ पुन्हा आली तर पट्टी बदलावी.

डिस्कचे दुखणे वेगळे ओळखू येते. माऊस हलतो, पण प्रत्येक क्लिकला मिनिट लागते, जुनी फिरती डिस्क असेल तर टिकटिक ऐकू येते. 'डिस्क्स' या प्रोग्रामात स्मार्ट अहवाल असतो. त्यात 'पेंडिंग' किंवा 'रीॲलोकेटेड' सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर आणखी एक दिवसही विसंबू नये.

एक गोष्ट फारच थोड्या दुरुस्तीवाल्यांना माहीत असते. 2014-15 च्या सुमारास स्वस्त लॅपटॉपमध्ये इंटेलचे 'बे ट्रेल' प्रोसेसर आले होते: सेलेरॉन एन2830, एन2840, पेंटियम एन3540. हे लिनक्सवर गाढ झोपेच्या अवस्थेत जाताना थिजतात, ही जगभर नोंदलेली अडचण आहे. सुरू होताना ग्रबच्या यादीत ई दाबावे, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1 असे इंग्रजी अक्षरांत जोडावे आणि एफ10 दाबावे. हा बदल एकाच वेळेपुरता असतो, त्यामुळे नुकसान काही नाही. थिजणे थांबले तर तो कायमचा करून घ्यावा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. त्याच यादीत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जुना कर्नलही असतो. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर तो निवडून दोन दिवस पाहावे.

लिनक्सचे हे हुकूम शिकायचे असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत, तेही मोफत.

एवढे करून दुरुस्तीवाल्याकडे जावेच लागले, तर सोबत वही न्यावी आणि आपल्यासमोर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवायला सांगावे. तसे चालवूनही मशीन थिजले तर दोष डिस्कवर बसवलेल्या लिनक्सचा नाही, बहुधा मशीनचा आहे, आणि फॉरमॅट करून उपयोग नाही. पेन ड्राइव्हवर दिवसभर नीट चालले, तर आधी डिस्कचा स्मार्ट अहवाल पाहावा. तो पाहिल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये.