कंबरदुखी आणि खिशातली गोळी

चाकण, महाळुंगे, खराबवाडी पट्ट्यातल्या कारखान्यांत तासन् तास उभं राहून किंवा वाकून काम करणाऱ्यांना कंबरदुखी नवी नाही. खाडा झाला तर पगार कापला जाईल, या धास्तीनं मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि कामावर जायचं, हे घरोघरी चालतं.

पण दुखणं म्हणजे शरीरानं दिलेली हाक आहे. स्नायू ताणला किंवा सुजला की तिथल्या मज्जातंतूंची टोकं संदेश पाठवतात. तो पाठीच्या कण्यातून मेंदूत पोचतो, तेव्हा दुखणं जाणवतं. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं, की कण्यात जणू एक दरवाजा असतो. स्पर्शाचे संदेश आले की तो वेदनेसाठी थोडा मिटतो. म्हणूनच ठेच लागली की आपण बोट चोळतो आणि बरं वाटतं.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सूज वाढवणारं रसायन कमी करतात. मात्र तेच रसायन जठराचं अस्तर जपतं आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतं. त्यामुळे सल्ल्याशिवाय रोज गोळी घेतली, तर जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडं बिघडू शकतात. रमजानमध्ये दिवसभर पाणी नसतं, त्यात घाम गाळणारं काम. तेव्हा धोका वाढतो. रोजा असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच.

साध्या कंबरदुखीत दिवसेंदिवस पडून राहू नये. शेक घ्यावा, झेपेल तितकं चालावं. वजन उचलताना गुडघे वाकवावेत, ओझं अंगाजवळ धरावं. रात्रपाळीनंतर झोप पुरी करावी. अपुऱ्या झोपेनं दुखणं जास्त जाणवतं. दुखणं तीन महिन्यांहून अधिक टिकलं, तर मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असू शकते. अशा वेळी नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, तज्ज्ञांनी शिकवलेला व्यायाम लागतो.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर चिंचवडच्या मोहननगरमध्ये ईएसआय रुग्णालय आहे. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली आणि अटी पूर्ण होत असल्या, तर वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. आपल्या घरातल्या कमावत्या माणसाला हे आजच सांगा. बुडालेली पाळी भरून निघते, बिघडलेलं मूत्रपिंड सहसा नाही.