नाकातील कोंब

सर्दी झाली म्हणजे नाक चोंदते, चार-आठ दिवसांत ते आपोआप मोकळे होते आणि आपण ती गोष्ट विसरूनही जातो. परंतु कित्येक माणसांचे नाक महिनोन्महिने चोंदलेलेच राहते. रात्री तोंड उघडे ठेवून झोपावे लागते, बोलणे गेंगाणे होते, आणि हळूहळू मोगऱ्याचा किंवा फोडणीचा वासही येईनासा होतो. अशा माणसाचे नाक डॉक्टर तपासतात, तेव्हा कधीकधी आत फिकट, मऊ, सोललेल्या द्राक्षांसारखे गोळे लोंबताना दिसतात. लोक म्हणतात, 'नाकात मांस वाढले.' डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. मराठीत त्यांना कोंब म्हणता येईल.

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत नाकाचे ३१ रोग सांगितले असून त्यांत नासार्श, म्हणजे नाकातील कोंब, यांचाही समावेश आहे. फार शिंका, श्वास घेण्याचे कष्ट, गेंगाणे बोलणे आणि डोकेदुखी ही त्याची लक्षणे त्या ग्रंथात दिलेली आहेत. ती आजच्या रुग्णालाही ओळखीची वाटतील. ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या वैद्यकग्रंथांत तर एक विलक्षण शस्त्रक्रिया वर्णिलेली आहे. स्पंजाचा तुकडा दोऱ्यांना बांधावयाचा, ते दोरे नाकातून घालून घशातून तोंडावाटे बाहेर काढावयाचे आणि जोराने ओढावयाचे. स्पंजाबरोबर कोंबही निघून येत! त्या काळी भूल देण्याची आजच्यासारखी सोय नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे रोग्याच्या धैर्याचे कौतुक वाटते.

आता हे कोंब म्हणजे खरोखर मांस काय? मुळीच नाही. ते काय आहे हे समजण्यासाठी आधी नाकाची रचना पाहिली पाहिजे. नाकाच्या पोकळीला आतून एक ओलसर, गुलाबी अस्तर असते. बाहेरची हवा या अस्तरावरून जाताना ऊबदार आणि दमट होते. अस्तरातून पाझरणाऱ्या चिकट द्रवात धूळ, परागकण आणि जंतू अडकतात. अस्तरावरील अतिसूक्ष्म केस सतत हलत राहून हा द्रव घशाकडे लोटतात आणि तो आपण नकळत गिळून टाकतो. हेच अस्तर पुढे कपाळाच्या, गालांच्या आणि डोळ्यांमधल्या हाडांतील पोकळ्यांतही पसरलेले असते. या पोकळ्या अरुंद वाटांनी नाकात उघडतात.

या अस्तराचा दाह दीर्घकाळ चालू राहिला, तर त्यातील केशवाहिन्यांमधून पाणी झिरपू लागते. अस्तर सुजते, जड होते आणि जेथे जागा मिळेल तेथे खाली लोंबू लागते. डोळ्यांच्या मधली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हाडे जेथे नाकात उघडतात, त्या अरुंद जागेजवळ असे बहुधा घडते. म्हणजे कोंब ही बाहेरून आलेली वस्तू नव्हे. पाण्याने फुगलेले ते आपलेच अस्तर होय. त्यात वेदना जाणवणारे तंतू फारच थोडे असल्यामुळे कोंब दुखत नाही. वासाचे ज्ञान देणाऱ्या पेशी नाकाच्या छताशी असतात. वाट बुजली म्हणजे हवा तेथपर्यंत पोहोचत नाही आणि दाहाने त्या पेशीही मंदावतात. म्हणून वास जातो. ही गोष्ट लहान नाही. ज्याला वास येत नाही, त्याला शेगडीचा गॅस गळत असलेला कळत नाही आणि विटलेली आमटीही ओळखता येत नाही.

मग हा दाह कशामुळे होतो? याचे एकच एक उत्तर नाही. ज्यांना हे कोंब होतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अस्तरात एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी गर्दी करून असतात. इओसिन नावाच्या तांबड्या रंगाने त्या चटकन रंगतात, म्हणून पाउल एरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली त्यांचे वर्णन करताना त्यांना त्या रंगावरून नाव दिले. दम्याच्या रोग्यांतही याच पेशी वाढलेल्या आढळतात, आणि कोंब व दमा ही जोडी अनेकदा एकत्र दिसते. काही प्रौढ रोग्यांना यांच्या जोडीला अ‍ॅस्पिरिनची गोळीही सोसत नाही. ती घेताच दम्याचा झटका येतो. फ्रान्समधील फर्नांद विदाल यांनी १९२२ साली हे त्रिकूट नोंदवून ठेवले आहे. उष्ण व दमट प्रदेशांत हवेतील बुरशीमुळेही काहींच्या नाकात असा दाह होतो. धूळ आणि धूर यांनी त्रास वाढतो, परंतु धुळीत राहणाऱ्या सर्वांना कोंब होत नाहीत. तेव्हा केवळ धुळीला दोष देऊन भागत नाही.

तुमच्या वयाच्या मुलांत हा विकार विरळा आहे. तो प्रौढांत अधिक आढळतो. लहान मुलाच्या नाकात खरोखरच कोंब दिसले, तर त्यामागे जन्मजात रोग नाही ना, हे डॉक्टर मुद्दाम तपासून पाहतात. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आरशापुढे नाकपुडी वर करून पाहिले, तर आत बाजूच्या भिंतीवर एक गुलाबी फुगवटा दिसतो, आणि कित्येकजण घाबरून जातात. तो कोंब नव्हे. हवा तापवण्यासाठी निसर्गानेच ठेवलेली ती घडी आहे. कोंब तिच्याहून फिकट असतो. 'नाकाचे हाड वाढले' असे जे म्हणतात, तो प्रकारही निराळा. त्यात बहुधा नाकाचा मधला पडदा वाकडा असतो. मात्र एकाच बाजूचे नाक सतत बंद असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

आता उपायांकडे वळू. घरोघरी यावर नाना उपाय सांगितले जातात. कोणी हळद सांगतो, कोणी लसणाचा रस, कोणी नाकात तेल किंवा तूप सोडण्यास सांगतो. यांपैकी कशानेही कोंब विरघळून जातो असे सिद्ध झालेले नाही. लसणाच्या रसाने नाकातील नाजूक अस्तर पोळते. तेल नाकावाटे फुप्फुसांत उतरले, तर तेथे दाह होऊ शकतो. वाफेने घटकाभर बरे वाटते एवढेच. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजल्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत.

एक साधा उपाय या सर्वांहून वेगळा निघाला. तो म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. योगातील नेतिक्रिया प्रसिद्धच आहे. हठप्रदीपिकेत मात्र ती पाण्याने नव्हे, तर सुताच्या दोऱ्याने करावयास सांगितली आहे. तोटीच्या भांड्याने एका नाकपुडीत पाणी सोडून दुसरीतून काढावयाची ती जलनेती. या धुण्याने चिकटलेला द्रव, धूळ व खपल्या निघून जातात आणि नाकाला आराम पडतो. युरोपातील नाकाच्या तज्ज्ञांनी २०२० साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही मिठाच्या पाण्याची शिफारस केलेली आहे. परंतु धुण्याने कोंब झडत नाही. अंगण झाडल्याने ते स्वच्छ होते, पण अंगणातले झाड काही निघून जात नाही.

मीठ कशासाठी, असे तुम्ही विचाराल. साधे पाणी नाकात गेले की झोंबते, हा अनुभव पोहताना प्रत्येकाला येतो. आपल्या शरीरातील द्रव किंचित खारट आहे. एक लिटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ घातले, म्हणजे ते पाणी त्याच्या बरोबरीचे होते आणि झोंबत नाही.

पण मिठाहूनही पाणी महत्त्वाचे. ते खळखळून उकळून कोमट केलेलेच असले पाहिजे. उबदार गोड्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा अमीबा असतो. तो पोटात गेला तर काही बिघडत नाही. नाकात गेला, तर वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने थेट मेंदूत शिरतो, आणि मग रोगी सहसा वाचत नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली दोन माणसे अशीच दगावली. दोघांनीही नळाचे न उकळलेले पाणी नाक धुण्यास वापरले होते. असे क्वचितच घडते, हे खरे. पण पाणी उकळण्यास लागतो किती वेळ? आणि हे काम मुलांनी एकट्याने करू नये. डॉक्टरांना विचारून, घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावे.

कोंब लहान करणारे औषध निराळेच आहे. नाकात फवारावयाच्या औषधाने अस्तराचा दाह ओसरतो व सूज उतरते. पण ते दररोज, नेमाने आणि कित्येक महिने घ्यावे लागते. दोन दिवसांत गुण दिसला नाही म्हणून पुष्कळजण ते सोडून देतात. औषधाने भागले नाही, तर बारीक दुर्बीण नाकात घालून कोंब काढतात. या वेळी रोगी भूल घेऊन शांत निजलेला असतो! मात्र कोंब काढला तरी अस्तर तेच राहते, आणि दाह चालू राहिला तर कोंब पुन्हा येतात. या दाहालाच रोखणारी इंजेक्शनेही आता निघाली असून, त्यांपैकी पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१९ साली या रोगासाठी मान्यता मिळाली. पण ती फार महाग आहेत. म्हणून शस्त्रक्रिया झाल्यावर घरी जाताना रोग्याच्या हाती बहुधा दोन गोष्टी दिल्या जातात : फवाऱ्याची एक बाटली आणि मिठाच्या पाण्याने रोज नाक धुण्याची चिठ्ठी.