जुनी स्कूटर किकला उठत नाही? आधी प्लग काढून बघा!



लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांवर आपण या पानातून नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण उसाच्याच वाटेवरचा आहे. १९७२ साली बाजारात आलेली दीडशे सी.सी.ची चेतक आता बनत नाही, तरी आपल्या भागात अजून कितीतरी घरी ती वापरात आहे. तोडीच्या चिठ्ठीची चौकशी, मुकादमाची गाठ, डेअरीला दूध, सगळं तिच्यावरच. ऐन हंगामात ती उठली नाही की दिवस मोडतो. त्यात कुणी "बोअर-पिस्टन गेलं" म्हणालं की काही हजारांना खड्डा. आणि दोष पुष्कळदा साध्या प्लगातच असतो.

ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. पाणी साचलंय का, चुनखडीच्या रानात केवडा पडलाय का, ते आधी पाहतो. स्कूटरचंही तसंच. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि दाब. याच क्रमाने तपासावे.

प्लग काय सांगतो?

दहा-बारा किका मारून प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही; नाहीतर जास्त झालंय. काळा, तेलकट असेल तर घासून पुसा. टोकांमध्ये काजळीचा कण अडकला तरी ठिणगी पडत नाही. फट साधारण ०.६ मि.मी. ठेवावी.

आता पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग टोपीत बसवून त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवा, पण प्लगाच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. निळी, चटचटणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली असेल तर आधी नवा प्लग घालून पाहा. तरीही तेच असेल तर जुन्या गाडीत पॉइंट (फट ०.३ ते ०.५ मि.मी.), कंडेन्सर, कॉईल आणि प्लगाची वायर बघावी. हे काम गोठ्यात, कडब्याजवळ किंवा विडी पेटवून मुळीच करू नये.

पेट्रोल उतरतं का?

कार्बोरेटरची नळी सोडून बाटलीत धरा. धार अखंड हवी. तुटक असेल तर कॉकची जाळी किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय. धार चांगली, पण प्लग कोरडा, तर जेट काढून हवेने फुंकावा. जेटात तार घालू नये, भोक मोठं होतं.

स्कूटर तिरपी करायची आपली जुनी सवय आहे. त्याने कार्बोरेटरात जादा पेट्रोल उतरतं, इतकंच. दर वेळी तिरपी करावी लागत असेल तर जेट किंवा फ्लोट साफ करायला झालाय, असं समजा. पेट्रोल जास्त झालं असेल तर कॉक आणि चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून पाच-सात किका माराव्यात.

आपलंच इथेनॉल

२०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये इथेनॉल दोन टक्क्यांच्याही आत होतं. आता ते २० टक्क्यांच्या आसपास आहे. त्यात आपल्या उसाचा वाटा आहे, म्हणून त्याला कुणी नावं ठेवली की आपल्याला झोंबतं. पण खरं ते सांगायला हवं. या स्कूटरी एवढ्या इथेनॉलसाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक तिथूनच घेतो. त्या थरात टू-टी ऑईल जवळजवळ नसतं. गाडी कशीबशी सुरू झाली तरी पिस्टन पकडण्याची भीती. जुने रबर फुगतात, टाकीतला साठलेला गाळ सुटून जेटात येतो.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करून पुसून घ्यावी. ते पेट्रोल रानात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवू नये. पेट्रोल थोडं थोडं, ताजं घ्यावं. लिटरला २० मि.ली. ऑईल. नळ्या आणि रबर वेळेवर बदलले तर इथेनॉलशी आपलं भांडण नाही.

इतकं करूनही उठेना तर

किक हलकी, पोकळ लागते का? मग दाब कमी आहे. रिंगा किंवा हेडचं पॅकिंग तपासावं. पांढरा धूर भकाभका आणि गिअरचं ऑईल कमी होत असेल तर ऑईल सील गेलंय. सायलेन्सर काजळीने भरला तरी गाडी गुदमरते. आता मिस्त्रीकडे जावे, आणि काय काय तपासलंय ते त्याला सांगावे. ज्याला आपल्या गाडीचा आजार माहीत आहे, त्याला कुणी उगाच बोअर करायला लावत नाही.

हंगामापुरता एक नवा प्लग आणि पाना डिकीत ठेवाच.

— ऊस विकास अधिकारी