कागदी पुत्रांचे बेट

1888 सालच्या ऑक्टोबरात छाय चान पिंग नावाचा एक चिनी मजूर स्वदेशाची वारी करून सान फ्रान्सिस्कोच्या बंदरात परतला, तेव्हा त्याच्या खिशात अमेरिकी सरकारनेच दिलेला पुनःप्रवेशाचा रीतसर दाखला होता. परंतु तो समुद्रावर असतानाच, आगबोट बंदराला लागण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, असले सारे दाखले काँग्रेसने एका नव्या कायद्यान्वये रद्दबातल केले होते, आणि त्यामुळे ज्या शहरात त्याने बारा वर्षे घाम गाळला त्याच शहराच्या धक्क्यावर पाऊल ठेवण्यास त्याला मनाई झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोणाला मुलखात घ्यावे व कोणाला घेऊ नये हा सार्वभौम सत्तेचा अंगभूत अधिकार असल्याचा निर्वाळा न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी 1889 साली दिला, आणि तेव्हापासून या विषयाचा अभ्यासक कोणत्याही पक्षाचा असो, त्याला या निकालापाशी थांबावेच लागते.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. चिनी मजुरांना बंदी करणारा मूळ कायदा 1882 चा. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी व प्रवासी यांना त्यातून सूट होती. दहा वर्षांची मुदत वाढत वाढत तो कायम झाला, 1917 साली हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग निषिद्ध ठरला, 1924 साली देशवार कोटे आले, आणि महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर 1943 साली बंदी उठून चिनी लोकांच्या वाट्याला वर्षाकाठी 105 जागा आल्या.

माझे मन मात्र वर्षानुवर्षे रमले आहे ते कागदी पुत्रांत. सान फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कच्या खटल्यात 1898 साली न्यायालयाने ठरविले की, अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगाही नागरिकच होय. पुढे 18 एप्रिल 1906 रोजी भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली आणि शहराचे जन्ममृत्यूचे दप्तर भस्मसात झाले. तेव्हा ‘माझा जन्म येथलाच’ असे सांगणाऱ्यास खोटा पाडण्याचे साधनच सरकारजवळ उरले नाही. नागरिकाचा पुत्रही नागरिक ठरत असल्याने असा माणूस चीनला जाऊन आला की परतताना एका पुत्राची नोंद करी, आणि तो पुत्र जन्मलाच नसला तर त्याची रिकामी जागा एखाद्या होतकरू तरुणास विकली जाई. त्यासोबत एक पाठांतराची वहीही मिळे, जी बोटीवर मुखोद्गत करून बंदर येण्यापूर्वी समुद्रात फेकून द्यावयाची असे.

परीक्षा होई ती सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर. 1910 ते 1940 या काळात तेथील ठाण्यात तपासनीस दुभाषामार्फत जबानी घेत: तुमच्या गावात घरांच्या रांगा किती, तिसऱ्या घरात कोण राहते, तांदळाची कणगी कोणत्या खोलीत, जिन्याला पायऱ्या किती. तीच उत्तरे बापाच्या जबानीशी ताडून पाहिली जात, आणि निकाल लागेतो उमेदवार आठवडेच्या आठवडे, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ, अडकून राही. स्वयंपाकघरातील चिनी नोकर शहरातून आलेले निरोप भुईमुगाच्या शेंगांत दडवून आत पोचवीत. खऱ्या मुलाला बापाच्या घराच्या पायऱ्या आठवतीलच असे नाही, खोट्याला मात्र त्या पाठ असत. आणि खुद्द वाँग किम आर्कचा मुलगा म्हणून 1910 साली आलेल्या तरुणास जबान्या जुळल्या नाहीत म्हणून परत धाडण्यात आले, यापलीकडे या पद्धतीचे वेगळे परीक्षण कशाला हवे?

ते ठाणे मी फेरीबोटीने जाऊन पाहिले आहे. लाकडी भिंतींवर बंदीवानांनी कोरलेल्या कविता सरकारने लांबी भरून, वर रंग चढवून बुजविल्या होत्या. त्या रंगाच्या थरांखालून अक्षरांचे खळगे तिरप्या उजेडात आजही दिसतात. इमारत पाडण्याचे घाटत असता 1970 साली अलेक्झांडर वाईस या उद्यानरक्षकाचे त्यांकडे लक्ष गेले, म्हणून त्या वाचल्या.

आता पंडितांची मते. ल्यूसी सॅलियर यांनी दाखविले की चिनी लोकांनी बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज इतक्या चिकाटीने केले व जिंकले, की अखेर प्रवेशाचा विषयच न्यायालयांकडून काढून अधिकाऱ्यांच्या हाती देण्यात आला. 1905 च्या जू टॉय खटल्यानंतर नागरिकत्वाच्या दाव्यावरही स्थलांतर खात्याचा शब्द अखेरचा ठरला. एरिका ली यांच्या मते अमेरिका द्वारपाल-राष्ट्र बनली ती याच बंदीपासून. मे नाय यांचा सिद्धांत अधिक मूलगामी आहे: बेकायदेशीर परकीय ही व्यक्ती सीमेपलीकडून येत नसून तिला कायदाच घडवितो. मला तो मान्य आहे. फक्त इतकेच म्हणेन की कायद्याने गुन्हेगार घडविले त्याहून अधिक कुटुंबे घडविली. 1956 साली सरकारने कबुलीजबाबाची योजना काढली तेव्हा एकाने खरे नाव सांगितले की त्याच्या कागदावरच्या बापाचे, भावांचे व त्यांच्या मुलांचेही बिंग फुटे. भावाभावांत त्यावरून वितुष्ट आले, आणि कित्येकांनी कागदी आडनाव नातवंडांपर्यंत चालविले.

आपल्याकडचे डॉक्टर व इंजिनिअर अमेरिकेत मोठ्या संख्येने गेले ते 1965 च्या कायद्याने कोटे काढल्यावर. पण त्या कायद्यानेही आप्तसंबंधाला प्राधान्य दिल्यामुळे नाते सिद्ध करण्याचे काम संपले नाही. भावाने बहिणीसाठी अर्ज करावा आणि दहा-पंधरा वर्षांहून अधिक वाट पाहावी, हे आता मराठी घरांनाही परिचित आहे. ज्यांच्या जन्माची नोंदच गावी झाली नाही, त्यांना तशी नोंद नसल्याचा दाखला आणून घरातल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. आणि ऐंशी वर्षांची आत्या नोटरीसमोर बसून पुतण्याच्या जन्माची तिथी, वार व बाळंतिणीच्या खोलीची दिशा सांगू लागते.